नाळेच्या रक्तातल्या खुणा

"बाळाच्या नाळेच्या रक्तात धोक्याच्या खुणा दिसल्यात. पुढं त्यालाही बहिणीसारखा मधुमेह होऊ शकतो. होईलच असं नाही, ताई," डॉक्टर फोनवर म्हणाले.

हेमांगीने पाळण्यातलं बाळ उचलून छातीशी घट्ट धरलं. ह्या बोराएवढ्या टाचेत सुई टोचायची? तिच्या तोंडून निघून गेलं, "अंबाबाई, याचं रेवासारखं नको गं करूस!"

मागे आठ वर्षांची रेवा उभी होती, जेवणाआधीच्या इन्सुलिनसाठी फ्रॉक वर धरून. तिने सगळं ऐकलं होतं.

एरवी सुई पाहून घर डोक्यावर घेणारी पोर आज हूं की चूं न करता उभी राहिली. टोचून झाल्यावर बाळाच्या कानाशी वाकली. "दुखत नाही रे, सोन्या. मी उगाच नाटक करायचे."

हेमांगीने दोघांना कवटाळलं. कुणासाठी जास्त भ्यायचं, तेच तिला कळेना.