दीड किलोमीटरवरचा कळस

"दिसला का रे आज कळस?" ड्युटीवरून आलो की आई रोज विचारायची. "दिसला" म्हटलं की ती बसल्या जागीच हात जोडायची.

विमानतळाने आमचं गाव गिळलं आणि बदल्यात मला हवामान कक्षातली नोकरी दिली. धावपट्टीपलीकडे गावातलं एक देऊळ तेवढं उरलं होतं, बरोबर दीड किलोमीटरवर. त्याचा कळस दिसला की दृश्यमानता दीड हजार मीटरच्या वर. धुक्यात बुडाला की वैमानिकांना तसं कळवायचं.

गेल्या महिन्यात साहेबांनी मलाच कळसाची उंची मोजायला लावली. इमानदारीत मोजली. विमानांच्या वाटेसाठी ठरलेल्या मर्यादेपेक्षा चार मीटर जास्त भरली. आज सकाळी जेसीबी आला आणि अर्ध्या तासात देऊळ पाडून गेला.

"साहेब, आता कशावरून बघायचं?"

"पाण्याची टाकी दिसते ना? ती धर. देवळाचं काय घेऊन बसलास!"

मी नोंदवहीत लिहिलं: आकाश निरभ्र, दृश्यमानता दहा किलोमीटर.

घरी आईने विचारलं, "दिसला का रे?"

"नाही गं," बुटाची नाडी सोडत मी म्हटलं, "आज दाट धुकं होतं."