न उमटणारा खडू

"गुरुजी, हा खडू उमटतच नाही!" पहिलीतली ज्ञानदा फळ्यावर जोरजोराने काहीतरी घासत होती.

तिच्या चिमटीत माझी गोळी होती. फुप्फुसं जुनी दुखणाईत, त्यांत पुन्हा जंतू शिरू नयेत म्हणून सोमवार, बुधवार, शुक्रवार अशी वर्षभर घ्यायची. गेल्या थंडीत मी तीन आठवडे इस्पितळात होतो आणि ओसरीवरची ही शिकवणी बंद पडली होती. पण हल्ली खोकला नव्हता. म्हणून बायकोसमोर नुसतंच पाणी प्यायचं आणि गोळी खडूच्या डब्यात टाकायची, असं माझं चाललं होतं.

"इथे अजून दोन आहेत!" ज्ञानदाने डबा उपडा केला. बायको पदराला हात पुसत बाहेर आली.

"अहो, हे काय?"

"अगं, बरं वाटतंय मला. मग उगाच कशाला घ्यायची?"

ज्ञानदाचे डोळे चमकले. "गुरुजी, मला दोनचा पाढा येतो. मग मीपण उद्यापासून म्हणू नको ना?"

"येत असला तरी रोज म्हणायचा!" मी सवयीने खडसावलं.

अकरा मुलं माझ्याकडे टकामका बघत राहिली. बायको तर हसू दाबत आत गेली आणि नवी गोळी घेऊन आली. मी ती मुकाट्याने गिळली.

"जीभ दाखवा," ज्ञानदा म्हणाली.

मी दाखवली. तिने फळ्यावर खऱ्या खडूने बरोबरची खूण केली, "शुक्रवारी परत बघणार," असं बजावलं आणि डबा आपल्या मांडीवर घेऊन बसली.