दुसरं स्टूल

बुजवलेलं तळं पुन्हा खोदून भरलं, तेव्हा आता डास माजणार म्हणून अर्ध्या गावाने बोंब ठोकली होती. पण पाण्यात मासे आले, वर चतुर भिरभिरू लागले आणि यंदा तापाचा एकही रोगी निघाला नाही. डासमास्तर मनोमन सुखावले होते.

रोज संध्याकाळी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तळ्याकाठी बसायचं आणि पायाला चावायला आलेले डास काचेच्या नळीत धरायचे, ही त्यांची नोकरी. स्टुलं मात्र दोन मांडायची. दुसऱ्या माणसाची जागा नऊ वर्षं भरलीच नव्हती, पण नियम तो नियम.

आज शेवटची मोजणी होती. माणसाला चावणारा एक जरी डास सापडला, तर तळं परत बुजवायचं ठरलं होतं.

"तुमचं रक्त मी घरीच आटवते," चहा घेऊन आलेली बायको म्हणाली. "डासांना काय उरणार?"

मास्तर हसले आणि हसता हसता थांबले. रिकाम्या स्टुलापुढे, पोटरीच्या उंचीवर, एक डास हवेतच टेकला होता. त्याचं पोट हळूहळू लाल होत गेलं. मग तो जडपणे उडून गेला.

मास्तरांनी स्टुलाकडे नीट निरखून पाहिलं. माणूस काही तिथे नव्हता. त्यांनी वहीत सुवाच्य अक्षरात शून्य लिहिलं.

"वाचलं बाई तळं!" बायको म्हणाली.

रिकाम्या स्टुलापाशी कुणीतरी करकर पाय खाजवू लागलं.