टाकीचं झाकण

कुंभार्ली घाटात मासळीचा पिकअप पुन्हा बंद पडला, तेव्हा दाजिबाने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. दोन गॅरेजांत दाखवून फिल्टर बदलला होता, डिझेल पंपही बदलला होता. तरी चढावर इंजिनाला डिझेल पुरेना. मागे बर्फ वितळत होता.

शेजारी बसलेली बायको म्हणाली, "अहो, डिझेल बघायला तुम्ही टाकीचं झाकण उघडलं, की गाडी दरवेळी चालू होते. दोष झाकणाचाच नसेल?"

दाजिबाने उतरून झाकण फिरवलं, तशी फुस्सकन हवा आत शिरली. झाकणाचं भोक चिखलाने बुजलं होतं. टाकीत हवाच शिरत नाही, तर डिझेल येणार कसं? तिने बांगडीतल्या सेफ्टी पिनने ते मोकळं केलं.

घाटमाथ्यापर्यंत गाडी अडखळली नाही. तिथल्या टपरीवर दाजिबा भेटेल त्या ड्रायव्हरला सांगत होता, "दोन गॅरेजवाल्यांना सापडलं नाही, ते आमच्या हिला सापडलं!"