घरची चादर

बांधकामावर सुरक्षेचं व्याख्यान द्यायला विज्ञानाच्या बाईंना बोलावलं होतं. बाईंनी हात उंच करून एक अंडं इमारतीखालच्या फरशीवर सोडलं. फच्च! दुसरं त्याच उंचीवरून सोडलं, पण चार गवंड्यांनी ताणून धरलेल्या चादरीवर. त्याला साधा तडाही गेला नाही.

"दोन्हींचं वजन सारखं, वेग सारखा, म्हणजे संवेगही सारखाच," बाई म्हणाल्या. "फरशीनं एका क्षणात थांबवलं म्हणून दणका बसला. चादरीनं थांबवायला जरा वेळ घेतला, एवढाच फरक."

मॅनेजरनं हात दुखेपर्यंत टाळ्या पिटल्या आणि चादरीसकट फोटो काढून घेतले.

बाईंनी वर पाहिलं. पाचव्या मजल्याच्या परांचीवर माणसं काम करत होती. खाली काहीच नव्हतं.

"जाळी कुठंय?"

"मागवलीय ना, येतेय," मॅनेजर म्हणाला. जाळी बहुधा पायी चालत येत असावी. त्यानं चादर झटकली, तिची नीट घडी घातली. "घरची आहे हो, डाग पडला तर बायको खाऊन टाकेल."

बाईंनी पर्स उचलली.

"अरे, ते अंडं आधी पुसा!" मॅनेजर मागे वळून गवंड्यांवर खेकसला. "फरशीवरचा मागच्या सोमवारचा डाग अजून गेला नाहीये."

म्हाताऱ्या गवंड्यानं फडकं घेतलं आणि उकिडवा बसला.

"तोही मीच पुसला होता, साहेब. भाऊ होता माझा. तेव्हा झाकायलासुद्धा चादर मिळाली नव्हती."