रुग्ण माझ्या ओळखीचा आहे

"अजून खाली घे," ओकेसाहेब म्हणाले.

सॉफ्टवेअरवाल्या मुलीने पट्टी दहावरून सातवर ओढली. पडद्यावर लाल चौकटी होत्याच.

साहेबांचं खरं नाव हॉस्पिटलात फक्त त्यांच्या दारावरच्या पाटीला माहीत होतं. साहेबांनी पेशंटला लिहिलेल्या दोन औषधांचं आपसांत पटणारं नसलं की कॉम्प्युटर इशारा द्यायचा, आणि साहेब तो न वाचता 'ओके' दाबायचे. मग कॉम्प्युटर विचारायचा, इशारा डावलण्याचं कारण? साहेब टाकायचे, 'रुग्ण माझ्या ओळखीचा आहे.' दिवसाला ऐंशी वेळा. इशाऱ्यांच्या नावाने सगळ्यात मोठ्याने तेच ओरडले, म्हणून ते किती कमी करायचे हे ठरवायचं काम मीटिंगमध्ये त्यांच्याच गळ्यात पडलं. आज जो आकडा ठरेल, तो उद्यापासून सगळ्या वॉर्डांना.

नमुन्याला एक पेशंट हवा होता. साहेबांनी वय सांगितलं एकोणसाठ आणि गोळ्या घडाघडा म्हणून दाखवल्या. ब्लडप्रेशरची, छातीतल्या धडधडीची, पाठदुखीची, झोपेची, पित्ताची.

"बघ! पाच गोळ्या, नऊ इशारे. अगदी माझ्या बायकोवर गेलंय हे यंत्र. अहो जपून, अहो बसा, अहो दाखवा कुणाला तरी!"

"पण पेशंट कसा आहे, सर?"

"ठणठणीत! सकाळी जरा गरगरतं, जिन्यात मध्येच टेकावं लागतं. वय झालं की व्हायचंच गं. घे खाली."

पाच. तीन. चौकटी एकेक करून गळाल्या. पट्टी एकवर आली, तरी एक चौकट हटेना.

"हिलाही घालव."

"याखाली शून्यच आहे, सर. म्हणजे सगळंच बंद. एकवर फक्त जीव जाण्यासारखेच इशारे राहतात." साहेब वाचणार नाहीत हे तिला माहीत होतं, म्हणून तिनेच वाचलं. "ब्लडप्रेशरची आणि धडधडीची, दोन्ही गोळ्या नाडी मंद करतात. एकत्र दिल्या तर हृदय बंद पडू शकतं."

साहेबांनी डाव्या मनगटावर बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. चांगलं मिनिटभर. तिला वाटलं, आकडा ठरवताहेत.

"अडतीस," ते पुटपुटले.

"पट्टी दहापर्यंतच आहे, सर."

"एकवरच ठेव. पण या इशाऱ्याला ओकेचं बटणच देऊ नकोस."

"मग गोळ्या लिहिल्या तेव्हाही हा इशारा आला असेल ना? कुठल्या डॉक्टरने डावलला?"

"आहे एक गाढव."

"आणि कारण काय टाकलं त्याने?"

"नेहमीचंच. रुग्ण माझ्या ओळखीचा आहे." साहेब शर्टाची वरची बटणं सोडत सावकाश खुर्चीत मागे रेलले. "आता पळ, स्ट्रेचर आण. आणि त्या रुग्णाच्या बायकोला फोन लाव, नंबर मला पाठ आहे."