दारामागची पिशवी

आई शिवणयंत्रावरून उठली आणि तिने गळ्यातली टेप लेकीच्या कमरेभोवती गुंडाळली. "पोट आत ओढू नकोस. टेप फसत नाही."

"चाळिशी लागली मला. अजून कसली मापं घेतेस?"

"असू दे. लागतात."

दुसऱ्या दिवशी पहाटे आई झोपेतच गेली.

भेटायला आलेली माणसं पांगल्यावर लेकीने दारामागची पिशवी पुढे ओढली. सहाव्या वर्षी आईने तिला परदेशातल्या अनाथाश्रमातून दत्तक आणलं, तेव्हा लेकीने स्वतःच ती तिथे ठेवली होती आणि कुणाला हात लावू दिला नव्हता. का, ते सांगायला इथली भाषा येत नव्हती. भाषा आली तोवर विषय शिळा झाला होता. आईनेही पिशवी कधी हलवली नाही. "असू दे हाताशी," म्हणायची, आणि दर वेळी लेक घाईघाईने दुसरंच काही बोलायला लागायची.

आत तेव्हाचा इवलासा फ्रॉक असेल, असं तिला वाटलं होतं. निघाला तो तिच्या आजच्या मापाचा कोरा ड्रेस. कमरेची शिवण उसवून दोन बोटं सैल केलेली, टाके अजून कच्चे. खाली तिच्या पायाच्या मापाच्या चपला आणि आईच्या अक्षरात त्या अनाथाश्रमाचा पत्ता.

ती यंत्रासमोरच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत राहिली.

"मला जायचं नव्हतं गं आई," ती म्हणाली. "तू परत पाठवशील असं वाटायचं, म्हणून भरून ठेवली होती."